टिंब टिंब टिंब: ड्रम कोअरच्या शोला चिन्हाचं नाव असतं तेव्हा

मुलगी नववीत गेली आणि इथल्या, अमेरिकेतल्या शाळेच्या मार्चिंग बँडमध्ये मेलोफोन नावाचं पितळी वाद्य वाजवायला लागली. मेलोफोन म्हणजे काय हे कळायला मला आठवडा लागला. पुढं एकदा ती आणि तिच्या दोन मैत्रिणी आमच्या स्वयंपाकघरात एकाच फोनवर डोकी टेकवून खिदळत होत्या. पोळ्या लाटता लाटता विचारलं, काय झालं गं? "आई, या शोच्या नावाच्या शेवटी तीन टिंबं आहेत." बरं, मग? "मग काय! तीन टिंबं!" आणि पुन्हा हसू. मी आपली लाटणं धरून उभी.

हा लेख लाटणं धरून उभ्या राहिलेल्यांसाठी आहे. मूल अमेरिकेतल्या शाळेत बँडमध्ये गेलंय, ते उन्हाळाभर ड्रम कोअरचे व्हिडिओ बघतंय आणि घरात कशावर हसू फुटतंय ते कळत नाही, असे आईबाप पुष्कळ आहेत. पुण्यात बसून हौसेनं हे शो बघणारेही आहेत. शोचं संगीत समजायला वेळ लागतो, कवायत समजायला त्याहून जास्त. नावावरचा विनोद मात्र पहिल्या आठवड्यात जमतो. म्हणून मी नवख्यांना याच दारानं आत नेते.

पहिली पायरी: उच्चार आणि निळ्यांचा घोळ

‘कॉर्प्स’ म्हणू नका. इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटी प आणि स आहेत, पण दोघेही नुसते जेवायला आलेल्या पाहुण्यांसारखे गप्प. उच्चार ‘कोअर’. ‘कॉर्प्स’ म्हणालात तर ऐकणाऱ्याला इंग्रजीतलं प्रेत ऐकू येतं आणि विनोद तुमच्यावरच सुरू होतो.

ड्रम कोअर म्हणजे शाळेचा बँड नव्हे. पितळी वाद्यं, तालवाद्यं आणि कलर गार्ड, म्हणजे झेंडे, नकली रायफली आणि तलवारी हवेत फेकून झेलणारी मंडळी. क्लॅरिनेट नाही, सॅक्सोफोन नाही, बासरी नाही. दीडशेहून जास्त पोरं फुटबॉलच्या मैदानावर दहा-बारा मिनिटं पळत, वळत वाजवतात. वयाची अट कडक: बाविशी आली की खेळ संपला, त्याला ‘एज-आउट’ होणं म्हणतात. स्पर्धा भरवणारी संस्था ड्रम कोअर इंटरनॅशनल, बोलण्यात डीसीआय. तिची पहिली अजिंक्यपद स्पर्धा १९७२ साली विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटर गावी झाली आणि ॲनाहाइम किंग्समन जिंकले. अलीकडे अंतिम फेरी ऑगस्टमध्ये इंडियानापोलिसच्या लुकस ऑइल स्टेडियमवर असते.

आपल्याकडच्या ढोल-ताशा पथकाशी तुलना करायचा मोह होतो. महिनोन्‌महिने सराव, हाताला फोड, घरच्यांचा वैताग, सगळं जुळतं. एक गोष्ट जुळत नाही. आपल्याकडे पथकाला नाव असतं, वादनाला नसतं. यंदाच्या मिरवणुकीतल्या वादनाचं शीर्षक काय, असं लक्ष्मी रोडवर कुणाला विचारलंत तर तो तुमच्याकडे बघतच राहील. ड्रम कोअरमध्ये दर वर्षी नवा शो आणि त्याला नवं शीर्षक. सगळी गंमत तिथं आहे.

निळ्यांचा घोळ मात्र आधीच निस्तरून घ्या. ब्लू डेव्हिल्स कॅलिफोर्नियातल्या कॉन्कॉर्डचे. ब्लू नाइट्स कोलोरॅडोतल्या डेन्व्हरचे. ब्लू स्टार्स विस्कॉन्सिनमधल्या ला क्रॉसचे. ब्लूकोट्स ओहायोतल्या कँटनचे. यातल्या ब्लूकोट्सचे चाहते शो संपला की "ब्लूऽऽऽ" असं लांबलचक ओरडतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, एवढं छान वाजवलं आणि लोक हुर्यो काय उडवतायत! शेजारच्या बाईंना मी तसं म्हणूनही दाखवलं. त्यांच्या टोपीवर ब्लूकोट्सच लिहिलं होतं.

दुसरी पायरी: आधी कोअर आणि साल, मग शीर्षक

जुने चाहते शोला शीर्षकानं क्वचितच हाक मारतात. ते म्हणतात ‘क्राउन तेरा’, ‘ब्लूकोट्स सोळा’, ‘फँटम आठ’. कोअरचं नाव आणि सालाचे शेवटचे दोन आकडे, बस. तुम्हीही हेच पाठ करा, कारण शीर्षकं विसरतात, एकमेकांसारखी वाटतात आणि कधी कधी (आपण मुद्द्यावर येतोय) ती धड उच्चारताही येत नाहीत.

‘क्राउन तेरा’ म्हणजे साउथ कॅरोलायनातल्या कॅरोलायना क्राउनचा २०१३चा शो. त्याचं शीर्षक होतं आइन्स्टाइनचं समीकरण, ई, मग बरोबरचं चिन्ह, मग एमसी आणि वर चढवलेला दोन. त्या शोनं क्राउनला पहिलंवहिलं अजिंक्यपद मिळवून दिलं. फोनवर तो वर चढलेला दोन सापडला नाही की लोक नुसता दोन टाकतात, आणि मग एमसीची दुप्पट होते की वर्ग, यावर भौतिकशास्त्र शिकलेला कुणी तरी उसळतोच. हा विनोद फार वरच्या दर्जाचा नाही. पण चालतो.

तिसरी पायरी: चिन्ह कुठून आलं ते ओळखा

इथं जरा थांबूया. चिन्ह शीर्षकात का आलं हे कळलं नाही तर तुमचा विनोद नुसता "अय्या, टिंब!" एवढ्यावर अडकतो.

पहिला प्रकार कापलेल्या वाक्याचा. ब्लूकोट्सच्या २०१३च्या शोचं नाव "...टू लुक फॉर अमेरिका". टिंबं आधी, शब्द नंतर. हे एका जुन्या गाण्याच्या ओळीचं शेपूट आहे. मुंडकं कापलं आणि त्या जागी तीन टिंबं ठेवली. ज्याला ओळ माहीत आहे तो मनात ती पूर्ण करतो. ज्याला माहीत नाही, त्याला वाटतं छापखान्यात काही तरी सांडलं.

दुसरा प्रकार लोंबकळत्या वाक्याचा. ब्लू नाइट्सचा २०१५चा शो "बिकॉज...". शब्द आधी, टिंबं नंतर. म्हणजे "कारण टिंब टिंब टिंब". मराठी माणसाला हे समजवायला नको. "का उशीर झाला?" "कारण..." आणि पुढं आपण सगळेच टिंबं टाकत आलोय. शाळेच्या व्याकरणात याला लोपचिन्ह म्हणतात, पण घरात कुणी तसं म्हणत नाही. आणि आपल्याकडे टिंबांना आणखी एक मानाचं काम आहे: छापता न येणारी शिवी. माझ्या मुलीला मी हे सांगितलं तेव्हापासून ती तो शो वेगळ्याच आवाजात म्हणून दाखवते.

आता हे दोन शो शेजारी ठेवा. एकाच्या शेवटी तीन टिंबं, दुसऱ्याच्या सुरुवातीला तीन टिंबं. जोडले की वाक्य तयार: "बिकॉज... ...टू लुक फॉर अमेरिका". डेन्व्हरनं २०१५ साली सुरुवात केली आणि कँटननं दोन वर्षं आधीच शेवट करून ठेवला होता. मधल्या सहा टिंबांत काय आलं असेल? माझं उत्तर, व्हिसाची रांग. "कारण... (इथं चार वर्षं, सतरा कागद आणि वकिलाचं बिल) ...अमेरिका शोधायला." जमलेल्या देशी आईबापांत हा विनोद हमखास पिकतो, मुलांना कळत नाही, कारण त्यांचा जन्मच इथला.

तिसरा प्रकार उसन्या वाक्याचा. ब्लू डेव्हिल्सनं २०१०चं अजिंक्यपद जिंकलं तो शो "थ्रू अ ग्लास, डार्कली". बायबलमधला शब्दप्रयोग, आणि मध्ये स्वल्पविराम. हा स्वल्पविराम गाळणारे आणि न गाळणारे असे चाहत्यांत दोन पंथ पाडता येतील. मी गाळत नाही. एका स्वल्पविरामाइतकी विश्रांती पोरांनी मैदानावर कुठं घेतली, असा प्रश्न मात्र विचारते.

चौथा प्रकार आद्याक्षरांचा. बॉस्टन क्रुसेडर्सचा २०१८चा "एस. ओ. एस.", टिंबांसकट. इथं एक बारकावा ध्यानात ठेवा, तो वर्षानुवर्षं पुरतो. मोर्सच्या कडकट्ट भाषेत एस म्हणजे तीन टिंबं. मग ब्लू नाइट्सचं "बिकॉज..." म्हणजे "बिकॉज एस". आणि ब्लूकोट्सची ती तीन टिंबं? तीही एस. तिन्ही कोअर एकाच बुडत्या जहाजावर होते म्हणायचं.

आणि सगळ्यात लाडका माझा: ब्लू नाइट्सचाच २०१७चा शो. शीर्षक नुसतं "आय", तेही इंग्रजी लहान लिपीतलं. एक काठी, वर एक टिंब. "बिकॉज" म्हणता म्हणता दोन वर्षांत त्यांचे शब्द संपले, एक अक्षर उरलं आणि तीन टिंबांतलं एकच शिल्लक राहिलं. पुढच्या वर्षी काय, कोरा कागद? तसं झालं नाही. २०१८ला त्यांनी चार चांगले धडधाकट शब्द घेतले. मला थोडं वाईटच वाटलं.

जाता जाता: आपल्या मराठीत ही चिन्हं कुणी रुजवली, तर एकोणिसाव्या शतकात मेजर कँडीनं. कोशकार मोल्सवर्थचा तो साथीदार. मोडीत लिहिणाऱ्या आपल्या पूर्वजांचं स्वल्पविरामावाचून काही अडलं नव्हतं. मैदानात समोरच्या मचाणावर उभं राहून हात हलवणाऱ्या पोराला ड्रम मेजर म्हणतात हे कळलं, तेव्हा मला आधी कँडीसाहेबच आठवले. कुठं थांबायचं ते दोन्हीकडे मेजरच सांगणार.

चौथी पायरी: मोठ्यानं वाचा

चिन्हावरचा विनोद कागदावर अर्धा असतो. स्टेडियममध्ये कोअर मैदानात उतरला की निवेदक त्याचं नाव, गाव, शोचं शीर्षक सांगतो, ड्रम मेजरला विचारतो की तुमचा कोअर तयार आहे का, आणि मग स्पर्धेसाठी मैदान घ्या असं फर्मावतो. हे सगळं लग्नातल्या मंगलाष्टकांइतक्या गंभीर आवाजात. आता त्या आवाजाच्या जागी स्वतःला ठेवा. समोर लिहिलंय: टिंब टिंब टिंब. काय करणार? गप्प बसणार? किती वेळ?

घरी हा खेळ खेळा. एकानं निवेदक व्हायचं, बाकीच्यांनी चिठ्ठीवर फक्त एक चिन्ह लिहून द्यायचं. प्रश्नचिन्ह सोपं, भुवई उडवली की झालं. उद्गारचिन्ह त्याहून सोपं. आपल्या नाटकांच्या जाहिराती वाचून वाढलेल्याला ते जन्मतः येतं. अर्धविराम सगळ्यात अवघड. आमच्याकडे अर्धविराम आजवर एकट्या आजीनं जमवला: "हं" म्हणाल्या, श्वास घेतला आणि पुढं काहीतरी येणार असं वाटत असतानाच पानाचा डबा उघडला.

पाचवी पायरी: शोधा आणि साठवा, पण शीर्षकानं नव्हे

ही खरी कामाची पायरी, आणि इथं चिन्हं अक्षरशः दगा देतात. शोधपेटीत नुसतं चिन्ह टाकलंत तर हाती काही लागत नाही. "आय" टाकलंत तर सगळं जग लागतं. म्हणून दुसऱ्या पायरीतली सवय: कोअरचं नाव, साल, मग शीर्षक.

मुलांनी कायदेशीर विकत घेतलेलं ध्वनिमुद्रण किंवा तुमच्या पोराच्या बँडचा स्वतः काढलेला व्हिडिओ साठवताना तर आणखी मजा. विंडोजमध्ये फाईलच्या नावात प्रश्नचिन्ह आणि अपूर्णविराम चालतच नाहीत. नावाच्या शेवटी टिंबं दिली तर विंडोज ती मुकाट्यानं गिळतं, "बिकॉज..." ठेवायला जावं आणि नुसतं "बिकॉज" उरावं. उलट मॅकवर नाव टिंबानं सुरू झालं की ती फाईल लपवायची आहे असं यंत्र समजतं. म्हणजे "...टू लुक फॉर अमेरिका" या नावानं काही ठेवायचा प्रयत्न केलात, तर अमेरिका खरोखरच शोधत बसावं लागेल. "ब्लूकोट्स-२०१३" असं साधं नाव द्या. भांड्यांवर नावं घालायची आपली जुनी पद्धत आठवा: कुणाचं आणि कोणत्या साली, एवढंच. वाटीचं शीर्षक काय, हे कुणी कोरून ठेवत नव्हतं.

टी-शर्टाबद्दलही सांगते. शोच्या शीर्षकाचे कपडे स्टेडियमबाहेर विकायला असतात. चिन्हाचं शीर्षक असेल तर घेण्याआधी आरशासमोर धरून बघा. पांढऱ्या शर्टावर छातीशी तीन टिंबं म्हणजे आमटी सांडल्यासारखी दिसतात.

सहावी पायरी: कुणावर हसायचं नाही

शीर्षक पोरं ठरवत नाहीत. ते ठरवणारी रचनाकारांची मंडळी वेगळी असतात, मोठी, अनुभवी, आणि चिन्ह निवडताना चार बैठका झालेल्या असतात. विनोद त्यांच्याकडे वळवा. पोरं मे महिन्यात घर सोडतात, उन्हाळाभर बसनं हिंडतात, कुठल्या तरी शाळेच्या व्यायामशाळेत जमिनीवर झोपतात, आणि या सगळ्यासाठी हजारो डॉलर फी स्वतः भरतात. त्यातल्या एखाद्याचा तो शेवटचा उन्हाळा असतो. त्याला "तुझ्या शोचं नाव काय रे, टिंब?" असं विचारू नये. तो स्वतः विचारेल, तेव्हा हसा.

शो चालू असताना जिन्यात उभं राहू नका, जागेवर जायला धडपडू नका. संपेपर्यंत कुणी सोडतही नाही. बाहेरच्या पार्किंगमध्ये कोअर तयारीसाठी वाजवत असतात, तिथं अगदी जवळून ऐकता येतं. ‘लॉट’ म्हणतात त्याला, आणि माझ्या मते तिकिटापेक्षा तो मोलाचा आहे. तिथं रांगेतून आरपार चालत जाऊ नका. ढोलवाले चाल धरायला तोंडानं "डट डट डट डट" म्हणतील. तो विनोद नाही, ठेका आहे. मी हसले होते.

आणखी एक. शीर्षकाला वेगळे गुण नसतात. एकूण १००, त्यातले ४० ‘जनरल इफेक्ट’चे, ३० संगीताचे, ३० दृश्याचे. ते चाळीस म्हणजे शोची कल्पना बघणाऱ्यापर्यंत पोचली का, भिडली का. शीर्षकात टिंबं टाकून रचनाकार एक वचन देतात: उरलेलं मैदानावर सांगू. ते सांगितलं गेलं तर चाहते टिंबांवर प्रेमानं हसतात. नाही सांगितलं, तर हसण्याचा सूर बदलतो. दोन्ही सूर ऐकून ओळखायला शिकायला एक उन्हाळा पुरतो.

शेवटची पायरी: खरं टिंब

शनिवारी रात्री अंतिम फेरीतले बारा कोअर वाजवून झाले की निकाल खालून वर वाचतात. बारावा, अकरावा, दहावा. तोवर गप्पा, चेष्टा, शीर्षकांची ओढाताण चालू असते. मग वरचे दोन-तीन उरतात आणि स्टेडियम शांत होत जातं. २००८ साली फँटम रेजिमेंटचा "स्पार्टाकस" जिंकला तो ९८.१२५ गुणांनी, ब्लू डेव्हिल्सना होते ९८.१००. अंतर ०.०२५. आजवरचा सर्वोच्च आकडा ब्लू डेव्हिल्सचा, २०१४चा, ९९.६५०. या खेळात पूर्णांकांवर फारसं काही ठरत नाही. ठरतं ते टिंबाच्या उजवीकडे.

निवेदक म्हणतो, "नाइंटी एट..." मग म्हणतो, "पॉइंट." आणि तिथं तो क्षणभर थांबतो. एवढ्या मोठ्या स्टेडियममध्ये त्या एका टिंबावर कुणी हसत नाही. माझ्या शेजारी माझी मुलगी दोन्ही हातांनी तोंड दाबून बसलेली असते.